उभी राहीन, पण ओठ हलवू का?

पत्र असं आहे, थोडं कापून:

"ताई, जय भीम. मी कुही तालुक्यातल्या एका गावची. यंदा बारावी करून नागपूरला आले. सिस्टर लोकांचं एक छोटं कॉलेज आहे, तिथे बी.ए.ला आहे आणि त्यांच्याच होस्टेलला राहते. वर्गात आम्ही पस्तीसेक जणी. शिकवतात चांगलं, होस्टेल सुरक्षित आहे, म्हणून घरच्यांनी इथे टाकलं. रोज सकाळी असेंब्ली असते. आधी प्रार्थना, मग बायबलमधला एक उतारा, मग राष्ट्रगीत. रात्री साडेआठला होस्टेलच्या चॅपलमध्ये दहा मिनिटं पुन्हा प्रार्थना. 'आलंच पाहिजे' असं कोणी म्हणत नाही, पण आम्ही आहोतच किती! नाही गेलं की दिसतं. म्हणून मी जाते, उभी राहते आणि सगळ्यांसारखे ओठ हलवते.

आमच्या घरी बुद्धवंदना होते. आबाजी लहान असताना त्यांच्या वडिलांचा हात धरून १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. ते फोनवर विचारतात, 'पोरी, तिथं हात जोडा लागते का वं?' मी 'नाही' म्हणते. मोठीमाय म्हणते, तिथे पोरींना बाटवतात, तुझी कास्ट जाईल, स्कॉलरशिप जाईल. सिस्टरनी मेसच्या पैशात थोडी सूट दिली आहे, त्यामुळे काही बोलायला तोंडही उघडत नाही.

आता संगीताच्या सरांनी क्रिसमसच्या कार्यक्रमात मला सोलो दिला आहे. गाण्याचा अर्थ 'तूच माझा तारणारा' असा आहे. ताई, खरं सांगते, मला गायचंय. आजवर कोणी मला एकटीला गायला सांगितलं नव्हतं. माझी सिनियर म्हणते, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, ॲडजस्ट कर. गावाकडचा एक दादा संघटनेत आहे, तो म्हणतो, निवेदन देऊ, पत्रकार बोलावू. त्यात सरांनी एक सराव नेमका ६ डिसेंबरला ठेवला आहे. मी काय करू? नाव छापू नका."

जय भीम, पोरी.

आधी मोठीमायचं काढून टाकू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. प्रार्थनेला उभं राहिल्याने किंवा क्रिसमसला गाणं म्हटल्याने कोणाचा धर्म बदलत नाही आणि जातीचा दाखलाही जात नाही. कॅथलिक पंथात माणूस ख्रिश्चन होतो तो बाप्तिस्म्याने, आणि मोठ्या माणसाला तो हवा असेल तर आधी बराच काळ शिकवणी घ्यावी लागते. चुकून, गर्दीत, गाता गाता कोणी बाटत नाही. तुझी शिष्यवृत्ती ज्या यादीवर चालते ती अनुसूचित जातींची यादी १९५० च्या आदेशाची. तेव्हा तिच्यात जवळपास फक्त हिंदू होते, १९५६ ला सगळे शीख आले आणि आपण बौद्ध आलो थेट १९९० साली. (दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. आबाजींना विचार, त्या मधल्या काळात सवलतींसाठी लोकांनी काय काय खटपटी केल्या, ते सांगतील.) शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तू भरतेस, कॉलेज तो तपासून पुढे पाठवतं. ती सिस्टरांची मेहरबानी नाही, सरकारी योजना आहे. कॉलेज अल्पसंख्याकांचं आहे म्हणून तुझी शिष्यवृत्ती कमी होत नाही.

पण मोठीमायच्या बोलण्यात एक धागा खरा आहे आणि तो तुला ठाऊक असावा. आपल्याच वस्तीतली, आपल्याच आडनावाची जी माणसं ख्रिश्चन झाली, ती त्या यादीतून खरंच बाहेर पडली. तुझ्या होस्टेलमध्ये अशी एखादी मुलगी असू शकेल, जिच्या पणजोबांनी आणि तुझ्या पणजोबांनी एकाच विहिरीबाहेर पाण्यासाठी वाट पाहिली असेल, आणि आज अर्जात तिचा रकाना वेगळा भरला जातो. 'त्या लोकांचं काय, त्यांना तर सगळं मिळतं' असं गावात कोणी म्हणालं तर हे लक्षात ठेव.

मेसची सूट ही वेगळी गोष्ट. ती संस्थेने स्वतःच्या पैशातून दिली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल तुला मिंधेपणा वाटतो, हे मला समजतं. पण ही सूट कशाच्या आधारावर दिली, हे तू कधी विचारलंस का? बहुतेक वेळा असल्या सवलती घरचं उत्पन्न बघून देतात. ऑफिसात जाऊन विचार. उत्तरात प्रार्थनेचा उल्लेख आला नाही तर तुझ्या डोक्यातून तो काढून टाक. आणि आलाच, तर ते तुला आत्ता कळलेलं बरं.

आता कायदा. राज्यघटनेचा अनुच्छेद २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणावरही, त्याच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. उपासना संस्थेला जोडलेल्या जागेत होत असेल तरी नाही. म्हणजे होस्टेलचं चॅपलही यात आलं. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. बारावीनंतर लगेच येणाऱ्या पुष्कळ मुली सतराच्याच असतात, तू कोण आहेस ते जन्मतारखेवरून बघ. दुसरं, प्रवेशाच्या वेळी फॉर्मच्या ढिगात तू किंवा बाबांनी कुठे सही केली आहे, तेही बघ. माहितीपत्रकात 'संस्थेच्या आध्यात्मिक उपक्रमांत सहभागी होईन' अशा अर्थाची ओळ असू शकते. असली तरी घाबरू नकोस, एकदा दिलेली संमती जन्माची नसते. पण बोलायला जाण्याआधी आपण कशावर सही केली हे माहीत असलेलं चांगलं.

त्याच घटनेत अनुच्छेद ३० आहे. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. म्हणजे सिस्टरांनी सकाळी बायबल वाचणं हा त्यांचा हक्क, आणि ते वाचताना तू हात न जोडणं हा तुझा. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, ते मी तुला सांगायला नको. महाराष्ट्रात ख्रिश्चनांची लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे. नागपुरातलं ख्रिश्चन कॉलेज फक्त ख्रिश्चन मुलींवर चालवायचं म्हटलं तर बाकं रिकामी राहतील. तुमच्या वर्गात बौद्ध किती, तेली-कुणबी किती, मुसलमान किती, हे एकदा मोज. या शहरात मिशनचं शिक्षण स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यापासून, १८४० च्या दशकापासून आहे. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. तेव्हापासून आजपर्यंत असल्या वर्गांत बसणारी बहुतेक मुलं ख्रिश्चन नव्हती आणि बहुतेक ख्रिश्चन झालीही नाहीत. सिस्टरांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तुझ्यासारखी मुलगी त्यांच्या दारात पहिल्यांदा येणार आहे, असं समजू नकोस.

म्हणून माझं म्हणणं, कलम पाठ कर आणि खिशात ठेव. पहिल्या भेटीत काढू नकोस. लहान कॉलेजात कलम काढलं की संध्याकाळपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचतं, आणि मग तुझं म्हणणं बाजूला राहून 'ती केस करणार आहे म्हणे' एवढंच उरतं.

दादाचं निवेदन मला आत्ता याच कारणासाठी नको वाटतं. तो चुकीचा आहे असं नाही. त्याचा नंबर ठेव. उद्या खरंच कोणी म्हणालं की प्रार्थनेला आली नाहीस तर होस्टेल सोड, तर मीच तुला त्याला फोन कर म्हणेन. त्याच्याही आधी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक कॉलेजात असायला हवी, आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. पण आजपर्यंत तुला कोणी काही म्हटलेलंच नाही. ज्यांना आपण अजून विचारलंच नाही, त्यांच्या विरोधात पत्रकार बोलावायचे, हे मला पटत नाही.

सिनियरचा 'ॲडजस्ट कर' मात्र मला त्याहून कमी पटतो. तीन वर्षं रोज दोनदा ओठ हलवायचे, हे ॲडजस्ट करणं नव्हे, ती सवय होते.

इथे मी जरा थांबते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. तुला वाटतंय की तू चॅपलमध्ये जाऊन काहीतरी मोडतेस. काय मोडतेस? बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काढ आणि वाच. काय मानायचं नाही, त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश आहेत, राम-कृष्ण आहेत, गौरी-गणपती आहेत, श्राद्ध आणि पिंडदान आहे. दुसऱ्यांच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीत उभं राहू नये, असं कुठेही नाही. पण 'मी खोटे बोलणार नाही' ही प्रतिज्ञा आहे. पंचशीलातही ते आहेच. तू रोज सकाळी, रात्री सिस्टरांना ओठांनी खोटं सांगतेस आणि आठवड्यातून एकदा आबाजींना फोनवर. मोडत असेल तर ते तिथे मोडतंय. मी तुला रागावत नाहीये. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, नवं शहर, पस्तीस जणींचा वर्ग, लपायला मागचा बाकसुद्धा नाही; अशा ठिकाणी ओठ आपोआप हलतात. पण उपायही त्यामुळेच तुला वाटतो त्यापेक्षा लहान आहे. जायचं, उभं राहायचं, हात खाली, ओठ बंद. बस.

असं उभं राहणं उद्धटपणाचं दिसेल, अशी तुला भीती वाटेल. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती मुलं ख्रिश्चनच, यहोवाचे साक्षीदार नावाच्या पंथाची. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ साली न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: आदराने उभं राहिलेल्या, पण न गाणाऱ्या मुलाने अनादर केला असं होत नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे चालतं, ते चॅपलमध्ये न चालायला काय झालं?

आणि सिस्टरांच्या घरातलाच एक आधार सांगते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावर एक घोषणापत्र काढलं. त्यात सरळ म्हटलं आहे की धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये. सिस्टर झालेल्या बाईने आपल्या शिक्षणात हे कधीतरी ऐकलेलं असतं. त्यांच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, परमप्रसाद घ्यायच्या रांगेत तर बिगर-कॅथलिक माणसाने उभं राहणं त्यांनाच चालत नाही. म्हणजे रेघ त्याही ओढतात. तुझी रेघ त्यांना कळणार नाही असं समजू नकोस.

वॉर्डन सिस्टरांकडे आधी जा, प्रिन्सिपलकडे नंतर. सकाळच्या असेंब्लीत तू शंभर-दीडशे जणींत असतेस, चॅपलमध्ये वीसेक जणींत. जिथे जास्त दिसतं तिथलं आधी. संध्याकाळच्या चहानंतरची वेळ बरी. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस किंवा बिशप यायचे असतील तो आठवडा टाळ. मैत्रिणीला बरोबर नेऊ नकोस, दोघी गेलात की ते शिष्टमंडळ होतं. आणि लांबण न लावता सांग: "सिस्टर, आम्ही बौद्ध आहोत. मी प्रार्थनेला येईन, शांत उभी राहीन, पण हात जोडणार नाही आणि म्हणणार नाही. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगायला आले." एवढंच. माफी मागू नकोस आणि आबाजींना पुढे करू नकोस. 'घरचे म्हणतात' म्हटलं की सिस्टर घरच्यांना फोन करतील, प्रेमानेच करतील, आणि मग तो विषय मोठ्यांचा होऊन बसेल.

त्या काय म्हणतील? माझा अंदाज, आधी थोडं वाईट वाटेल, मग विचारतील की चॅपलमध्ये न येता त्या वेळी अभ्यास करशील का. इथे तुला निवडायचं आहे. मी असते तर आत उभी राहिले असते, कारण खोलीत एकटीने बसणं काही महिन्यांनी जड होतं, आणि त्या दहा मिनिटांनंतर ज्या गप्पा होतात, उद्याचा डबा, कोणाची तब्येत, त्यातूनही आपण वगळलो जातो. पण तुला स्टडी रूम बरी वाटत असेल तर ती घे, त्यात काही कमी नाही. हजेरीची काळजी करू नकोस. विद्यापीठाला लागणारी हजेरी तासांची असते, प्रार्थनेची नव्हे. मूल्यशिक्षणाचा तास असेल, क्रेडिटवाला, तर तो मात्र बुडवू नकोस. तिथे प्रामाणिकपणा, पर्यावरण, स्त्री-पुरुष समानता असं शिकवत असतील तर ते तुझंही आहे.

कोणीतरी तुला सुचवेल की असेंब्लीत सगळ्या धर्मांचे उतारे फिरते ठेवा अशी मागणी कर. कल्पना छान आहे, काही ठिकाणी तसं चालतंही. पण पहिल्या वर्षाच्या मुलीने सगळ्या कॉलेजची असेंब्ली बदलायचं काम अंगावर घ्यायची गरज नाही. तुझे ओठ तुझे झाले की यंदाचं काम झालं. २६ नोव्हेंबरला संविधान दिनाची उद्देशिका वाचायला कोणी हवं असेल तर हात वर कर, तुझा आवाज चांगला आहे.

आता आबाजी.

ते 'हात जोडा लागते का' असं विचारतात, तेव्हा ते येशूच्या विरोधात बोलत नाहीत. येशू दुसऱ्यांचा आहे म्हणून नको, असा त्यांचा मुद्दा नसणार. मागायला हात जोडायचा, वरच्या कोणाकडून तरी तारून घ्यायचं, हेच बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं, असं ते धरून आहेत. विहारात आपणही हात जोडतो, पण तिथे काही मागत नाही. एवढा बारीक फरक एका म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर जपला आहे, आणि तू त्याला 'नाही' म्हणून एका शब्दात गुंडाळतेस. त्यांना खरं सांगितलं तर त्यांना धक्का बसेल असं तुला वाटतं. मला वाटतं, त्यांना बोलायला मिळेल.

फोनवर सांगू नकोस. गावी गेलीस की सांग, जेवण झाल्यावर, मोठीमाय शेजारी गेलेली असेल तेव्हा. "आबाजी, तिथे प्रार्थना असते. मी उभी राहते. आजवर ओठ हलवत होते, आता नाही हलवत. तुम्हाला नाही म्हणाले, ते खोटं होतं." ते गप्प बसले तर बसू दे. मग त्यांच्याशी फुल्यांबद्दल बोल. जोतिबा पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४१ ते १८४७, तुझ्याएवढ्याच वयात. रोज बायबल कानावर पडत होतं, पाद्र्यांशी जवळीक होती. ते ख्रिश्चन झाले नाहीत. बाहेर पडल्यावर वर्षभरात मुलींची शाळा काढली आणि १८७३ ला सत्यशोधक समाज. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू, हे आबाजींना पाठ असेल. तिसरा गुरू मिशनच्या बाकावर बसूनच शिकला, हे त्यांना आठवून दे. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात हिंदू धर्म सोडायची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ ला. मधल्या एकवीस वर्षांत ख्रिश्चन, शीख, मुसलमान, सगळ्यांचे पुढारी त्यांच्याकडे येऊन गेले. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं, वाचलं आणि मग ठरवलं. दुसऱ्याचा धर्म जवळून बघितल्याने आपला जातो, ही भीती बाबासाहेबांची नव्हती.

आबाजी तरीही म्हणाले की ते कॉलेज सोड? म्हणणार नाहीत असं मला वाटतं. म्हणालेच तर मला पुन्हा लिही. वर्षाच्या मध्ये बदली, फी, होस्टेल, तो वेगळा हिशेब आहे.

सोलोबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिलं असावंस. आजवर कोणी तुला एकटीला गायला सांगितलं नव्हतं. मोठ्या कॉलेजात हजार पोरांत कदाचित आणखी तीन वर्षं कोणी सांगितलं नसतं. लहान जागेत आपलं सगळं दिसतं, तसा आवाजही ऐकू येतो.

'तूच माझा तारणारा' हे तू गायचं का? मी कार्यक्रम कुठे आहे ते बघेन. कॉलेजच्या हॉलमध्ये, पडदा, माईक, समोर पालक आणि टाळ्या असतील, तर गा. रंगमंचावर गाणाऱ्याचे शब्द त्याची साक्ष म्हणून कोणी घेत नाही. भीमगीतांच्या कार्यक्रमात कव्वालीच्या चाली वाजतात, सिनेमाच्या चाली वाजतात, त्याने कोणी बाटलं नाही. पण तेच गाणं चॅपलमध्ये, मिस्साचा भाग म्हणून असेल, तर माझं मत आहे की गाऊ नकोस. तिथे ते गाणं उरत नाही, ती प्रार्थना असते. तू ती मनात नसताना म्हणालीस तर तुझं खोटं होतं आणि जे मनापासून म्हणतात त्यांच्यासाठीही ते बरं नाही. सिस्टरांनासुद्धा हा फरक सांगितलास तर आवडेल, असा माझा अंदाज आहे. कॅरोलमध्ये गोठा, गुराखी, तारा, थंडी यांच्यावरची गाणी भरपूर असतात, ज्यांत कोणी कोणाला तारत नाही. सरांना सरळ विचार, यातलं एखादं देता का. त्यांनी बदललं तर उत्तम, नाही बदललं आणि कार्यक्रम हॉलमध्येच असेल तर तेच गा. पण आबाजींना आधी सांगून. व्हॉट्सॲपवर कोणीतरी व्हिडिओ टाकणारच, आणि तो मोठीमायच्या फोनवर सगळ्यांत आधी पोचणार, हे तुला मी सांगायला नको.

आबाजींना कार्यक्रमाला बोलावता आलं तर बघ. डिसेंबरात अधिवेशन सुरू असलं की सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते कधी बंद करतील सांगता येत नाही, त्यामुळे दुपारीच यायला सांग आणि परतीची बस आधी बघून ठेव. आबाजी आलेच तर त्यांना सिस्टरांशी भेटव. बोलायचं काय, हे दोघं बघून घेतील.

राहिला ६ डिसेंबरचा सराव. सरांनी तारीख बहुधा कॅलेंडर न बघता ठेवली असेल. त्यांच्याकडे आत्ताच जा, ५ तारखेच्या संध्याकाळी नको. 'सुट्टी मिळेल का' असं विचारू नकोस. म्हण, "सर, सहा तारखेला महापरिनिर्वाण दिन आहे, मी त्या दिवशी येणार नाही. माझा भाग पाच तारखेला करून घेऊ या का?" तुझ्या वर्गातल्या आणखी चार-पाच जणी त्या दिवशी दीक्षाभूमीला किंवा संविधान चौकात जाणाऱ्या असतील. त्यांनाही विचारून घे, म्हणजे सर कदाचित सगळा सरावच पुढे ढकलतील. नाही ढकलला तरी सोलोवालीचा सराव पाच तारखेला सहज होतो. पेटी, तबला आणि तू, तिघंच तर लागता.